बाहेरचं टोक

किशिवादा,
१४ डिसेंबर

कात्सुयुकी,

थंडी वाढली आहे, तब्येतीला जप, वगैरे मी लिहिणार नाही. कोबेत तुझ्या खोलीत हीटर आहे, तो जपेल तुला.

तुझा अहवाल आज आला. जाड पाकीट, त्यावर तुझ्या तपासणी संस्थेचा शिक्का आणि शेवटच्या पानावर तुझी सही, त्सुजिनो कात्सुयुकी. ज्या तारेच्या कारखान्याच्या विरोधात लिहिलंस त्याचं नावही त्सुजिनोच. टाइप करणाऱ्या मुलीने विचारलं नाही का रे, हे तुमच्या नात्यातले का म्हणून? मी पाकीट उलटं केलं, झटकून पाहिलं. वाटलं, आत एखादी चिठ्ठी असेल. ‘ताई, माझा नाइलाज झाला’ एवढं जरी लिहिलं असतंस. नव्हती.

काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, तूच इतक्या स्वच्छ भाषेत लिहिलं आहेस. आरिदाच्या डोंगरात कुरिबायाशी नावाच्या शेतकऱ्याची संत्र्यांची बाग. डोंगरावरून फळांचे क्रेट खाली आणणारा तारेचा दोर तोडणीच्या ऐन दिवसांत तुटला, क्रेटांनी भरलेला पाळणा सुटून खाली आला आणि त्या माणसाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दोर आमचा. तार आमच्या मशीनवर ओढलेली, सप्टेंबरात, दांजिरीच्या सणाचे गाडे निघण्याआधी. ‘मंजूर वेगापेक्षा जास्त वेगाने ओढली, तापलेली वेटोळी एकावर एक रचून झाकून ठेवली.’ सगळं खरं आहे. मी तुला खोटारडा म्हणत नाही. खोटारडा असतास तर बोलायला सोपं गेलं असतं.

पण दोर उलगडताना त्याच्या पोटातला जांभळा-पांढरा दोरा तुला दिसला असणार. कुणाचा माल ते कळावं म्हणून बाबांनी निवडलेले रंग. लहानपणी त्या दोऱ्याच्या रिळाने तू मांजरीला खेळवायचास. तो दिसल्याबरोबर हात धुऊन बाजूला का झाला नाहीस? शेजारच्या टेबलावर दिलं असतंस. त्यानेही हेच लिहिलं असतं, पण ते परक्याने लिहिलेलं असतं.

लोणच्याची वांगी घ्यायला गेले तर दुकानातली बाई म्हणते, “काय हो मिसाओ-सान, सख्ख्या भावानेच का?” मी म्हटलं, “सख्खा आहे म्हणून तर फुकटात केलं. परक्याने बिल लावलं असतं.” ती हसली. मी घरी येऊन वांगी तशीच मोरीत टाकून बसून राहिले.

आता मुद्द्याचं. तुझे भावोजी कुरिबायाशींकडे माफी मागायला जायला तयार नाहीत. अडमुठेपणा नव्हे, तू त्यांना ओळखतोस. ते म्हणतात, “तार आजवरची सगळ्यांत ताकदवान होती. ओढून तपासली तेव्हा काटा असा चढला की मीच टाळी वाजवली. मग ताकदवान तार तुटते कशी? मला कळू दे. न कळता डोकं टेकवायचं म्हणजे त्या माणसाच्या तोंडाला पानं पुसायची.” तिकडे तो माणूस इस्पितळात वाट बघतोय, त्याची बायको वाट बघतेय, आणि इकडे हे अहवाल मांडीवर घेऊन बसलेत, एका ओळीवर बोट ठेवून. अंगात नुसती हाडं राहिली आहेत.

तेव्हा तू ये. समोर बसून, आपल्या तोंडाने त्यांना सांग. माझं एवढंच मागणं आहे.

आणखी एक. इतक्या वेगाने तार का ओढली, त्याला तू ‘सणापूर्वीची घाई’ असं नाव देऊन मोकळा झालास. बरं. मग मीही आज त्याबद्दल काही लिहीत नाही.

त्सुजिनो मिसाओ
(तुझ्या अहवालातली ‘कारखानदाराची पत्नी’)


किशिवादा,
२० जानेवारी

कात्सुयुकी,

ये म्हटलं होतं. तू धडा लिहून पाठवलास, आकृत्यांसकट.

मी तो ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्या पानावर हे पेंगायला लागले. मग तो बाजूला ठेवला आणि मला कळलं तसं माझ्या भाषेत सांगितलं. चुकलं असेल तर लाल शाईने खुणा करून परत पाठव, तुला आवडतं ते.

मी म्हटलं, वितळलेल्या शिशात बुडवून काढलेल्या तारेच्या पोटात थर असतात. एक मऊ लोखंडाचा, एक कडक, पुन्हा मऊ, पुन्हा कडक, डोळ्याला न दिसतील इतके बारीक. कुठे आडवे, कुठे उभे, झोपेतून उठलेल्या पोरीच्या केसांसारखे अस्ताव्यस्त. डायच्या बारीक भोकातून तार ओढली की ते केस विंचरले जातात. एका भोकातून थोडे, त्याहून लहान भोकातून आणखी थोडे. थर वळतात, पातळ होतात, एकमेकांना चिकटून येतात आणि शेवटी सगळे तारेच्या लांबीला धरून सरळ होतात. म्हणून ओढलेली तार ताकदवान.

“हे मला कोण सांगतंय?” हे म्हणाले. “जन्म गेला विंचरण्यात.”

मी म्हटलं, थांबा, पुढे आहे. फार ओढलं की ते कडक थर इतके पातळ होतात की तुटतात, विरायला लागतात, आणि त्यांच्यातला कार्बन सुटून मऊ लोखंडात शिरतो. तार तरीही ताकदवानच दिसते, उलट जास्तच. त्यात ती तशीच तापलेली राहिली, तर हा सुटलेला कार्बन मऊ लोखंडाला जागच्या जागी जखडून टाकतो. मग सरळ ओढलीत तर काटा चढतच जाईल आणि तुम्ही टाळ्या वाजवाल. पिळलीत की मात्र सुकलेल्या बांबूसारखी उभी फाटेल. आणि दोरात घातलेल्या, चाकावरून फिरणाऱ्या तारेला पीळ सोसावाच लागतो.

ह्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं. मग उठले, कपाटातून तारेचे दोन तुकडे काढले आणि माझ्यापुढे टाकले. “ही सप्टेंबरची. प्रत्येक वेटोळ्याचा तुकडा कापून मी पिळला होता. बघ कशी तुटलीय, सपाट, नाण्यासारखी. फाटली का कुठे? विचार त्याला. त्याच्या मोठ्या यंत्राला विचार म्हणावं.”

म्हणून विचारते. मालाला पीळ सोसत नव्हता, तर पिळल्यावर तो पास कसा झाला? त्यांना आता वाटायला लागलंय की तू काहीतरी लपवतोयस, कुणीतरी मोठा कारखाना वाचवतोयस. मी म्हटलं, छे, कात्सु तसला नाही. बघ, अजूनही तुझी बाजू घेते. आईच्या मागे तुझा शाळेचा डबा भरला ना मी, ती सवय हाताला अजून आहे.

पत्राने उत्तर नको. कोबेहून इथे यायला फार वेळ लागत नाही, आणि तू आलेला नाहीस म्हणून रूळ उखडलेले नाहीत.

कारखान्यातल्या दोन्ही कामगारांना आम्ही दुसरीकडे काम बघायला सांगितलं आहे. मशीन बंद आहे. इतक्या वर्षांनी घरात माझाच आवाज मला ऐकू येतो, आणि तो काही फार गोड नाही.

मिसाओ


किशिवादा,
९ मार्च

कात्सुयुकी,

तर तू आला नाहीस, तेच आले तुझ्याकडे.

मला सांगितलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं. गुडघा दाखवायला डॉक्टरकडे जातो म्हणाले. अंगात चांगला कोट, हातात फुरोशिकीत बांधलेलं काहीतरी. गुडघा दाखवायला कोण बोचकं घेऊन जातं? पण मी वांगी मुरवत होते, हात लोणच्याच्या कोंड्यात होते, लक्ष दिलं नाही. संध्याकाळी परत आले ते बूट न काढता दारातच बसले.

“कोबेला गेलो होतो,” म्हणाले.

मी पहिल्यांदा काय विचारलं असेल सांग. “चहा तरी दिला का?”

“दिला की. कागदी पेल्यात.”

“आणि भावोजी म्हणाला का तुम्हाला?”

ते बुटाची नाडी सोडत बसले. मग म्हणाले, “त्याच्या हाताखालची माणसं होती गं तिथे. त्सुजिनो-सान, इकडून या, असं म्हणाला. चारचौघांत काय म्हणणार तो?”

कात्सुयुकी, ते आडनाव तुझं होतं. तू कारखाना नको म्हणालास, बाबांचं तोंड न बघता कोबेला गेलास, म्हणून बाबांनी जावई घरात दत्तक घेतला. त्या माणसाने स्वतःच्या आईबापाचं नाव उतरवून ठेवलं आणि तुझं टाकलेलं नाव अंगावर चढवलं, आणि एक दिवस तक्रार न करता वागवलं. तेच नाव तू त्याला पाहुण्याला चहा द्यावा तसं दिलंस. कागदी पेल्यात.

असो. काम तू चोख केलंस, हे तेच सांगतात. सप्टेंबरातलं एक वेटोळं शेडमध्ये उरलं होतं, त्याची दोन टोकं त्यांनी बोचक्यात आणली होती, एक बाहेरचं, एक आतलं. तू दोन्ही त्यांच्यादेखत पिळलीस. बाहेरचं सपाट तुटलं. आतलं पिळताना मधेच ‘टक्’ असा आवाज झाला आणि तार उभी फाटत गेली. मग तू त्यांना त्या अंधाऱ्या खोलीत नेलंस आणि सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर दोन्हींचं पोट दाखवलंस.

“मिसाओ, काय सुंदर दिसतं गं ते,” हे सांगत होते, आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. “आयुष्यभर जे केलं ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. सगळे थर एका दिशेने, शिस्तीत, भाताच्या रोपांसारखे. बाहेरच्या टोकात रेघा स्पष्ट होत्या. आतल्यात बघितलं तर मधेमधे पुसलेल्या. जिथे काळी रेघ हवी तिथे नुसतं करडं. धग वेटोळ्याच्या पोटात अडकून राहिली होती. बाहेरचं टोक ताडपत्रीच्या कडेला, वाऱ्यावर होतं, ते वाचलं. मी तेवढंच पिळलं.”

बाबांची रीत तुला आठवत असेल. वेटोळी मोकळी टांगायची, पुरती गार होऊ द्यायची आणि मग दोन्ही टोकं पिळायची. हे सुद्धा वर्षानुवर्षं तसंच करत आले. गेल्या सप्टेंबरात मात्र शेवटच्या दिवशी मशीन सकाळपासून पळवलं, वेटोळी गरम होती तशीच रचली, वर ताडपत्री टाकली, हाताला लागलं ते टोक पिळलं आणि शेडला कुलूप लावलं, कारण सण होता. सण संपून कुलूप काढलं तोवर जे व्हायचं ते आत होऊन गेलं होतं.

“आता कळलं,” हे म्हणाले. “काळा सूट काढ. संत्र्यांना फुलं येतात तेव्हा जाऊ. आत्ता तो माणूस नवा पाय लावायला शिकतोय म्हणे, त्यात आपण जाऊन उभं राहायला नको.”

तू त्यांना समजावलंस, त्याबद्दल आभार. हा शब्द लिहिताना माझं पेन अडखळलं, तरी लिहिला.

पण एक सांग. तुम्ही दोघं त्या काळोखात खांद्याला खांदा लावून बसला होतात. मशीन किती वेगाने पळवलं, वेटोळी कशी रचली, ताडपत्री कोणत्या कापडाची, सगळं विचारलंस म्हणे. एवढं विचारणारा माणूस, ‘भावोजी, इतकी घाई कसली होती?’ हा प्रश्न मात्र तू विचारला नाहीस. त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. तुला उत्तर माहीत होतं म्हणून विचारलं नाहीस, आणि तुला लाजवायचं नव्हतं म्हणून त्यांनी सांगितलं नाही. दोघेही मूग गिळून बसलात. छान.

मिसाओ


किशिवादा,
१९ मे

कात्सुयुकी,

जाऊन आलो.

मिनोशिमा स्टेशनवर उतरलो तेव्हापासून फुलांचा वास. एरवी मला तो आवडला असता. कुरिबायाशींचं घर उतारावर आहे, रस्ता पायऱ्यापायऱ्यांचा. धडधाकट माणसाला धाप लागते, मग त्याचं काय होत असेल हा विचार प्रत्येक पायरीला मनात येत होता.

तो ओटीवर बसला होता. वयाने तुझ्याएवढा, उन्हाने रापलेला. नवा पाय बाजूला काढून ठेवला होता, त्यावर मोजा घातलेला. त्याच्या बायकोने आम्हाला बघितलं आणि आत निघून गेली. तुझे भावोजी अंगणातच गुडघ्यांवर बसले आणि कपाळ मातीला लावलं. मीही लावलं. मान वर कधी करायची हे कुणी शिकवत नाही रे. मातीत मुंग्या होत्या, त्या बघत राहिले.

“उठा हो,” शेवटी तो म्हणाला. “तुमच्या कपाळाने काय माझा पाय उगवणाराय?”

हे उठले नाहीत. तसेच खाली बघत त्यांनी सगळं सांगितलं. थर काय, कार्बन काय, आतलं टोक आणि बाहेरचं टोक काय. एकही गोष्ट मऊ करून सांगितली नाही, कुणावर ढकललीही नाही. कुरिबायाशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे तार चांगली हाय का वाईट, ते तुम्ही निम्मंच बघितलं?”

“हो.”

“येरवी दोन्ही बाजूंनी बघता?”

“हो.”

“मग त्या दिवशी घाई कसली हो झालती एवढी?”

माझ्या तोंडाशी आलं होतं. तुझं नाव जिभेवर होतं, कात्सुयुकी, दातांच्या मागे. ह्यांनी मान न वळवता माझ्या मनगटावर हात ठेवला. तार ओढून ओढून घट्टे पडलेला हात, माझं मनगट दुखेपर्यंत दाबला. आणि म्हणाले, “सण होता.”

“सण,” तो म्हणाला, आणि हसला. तसं हसणं मी आधी ऐकलं नव्हतं, आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. “ऐकलंस का गं?” त्याने आत हाक मारली. “गाडा ओढायचा होता यांना.”

त्या माणसाच्या लेखी आता आम्ही कोण आहोत? ढोलताशापायी दुसऱ्याचा पाय घालवणारे किशिवादाचे उडाणटप्पू. हे तेच कपाळावर घेऊन परत आले. गाडीत मी रडले, रागाने. हे म्हणाले, “खोटं कुठं बोललो? सण होताच की.”

तेव्हा आता मी लिहिते, कारण त्यांनी मनगट धरलं होतं, पेन नाही.

गेल्या जुलैत तू फोन केलास. इतक्या वर्षांनी, आपणहून. म्हणालास, “ताई, यंदा दांजिरीला येतो. पहिल्या दिवशी सकाळीच पोचतो. माझा सणाचा अंगरखा, तो हाप्पी, अजून आहे का?” फोन मी घेतला होता आणि हे कान लावून ऐकत होते. फोन ठेवल्यावर हे ओट्यावर जाऊन उभे राहिले, पाठमोरे. तू गेलास तेव्हापासून ह्या माणसाला वाटत आलं की तुझी जागा आपण बळकावली, आपण या घरात आलो म्हणून तू आला नाहीस. मी शंभरदा सांगितलं, तसं नाही. पटलं नव्हतं. त्या दिवशी पटलं. “तो येतोय, मिसाओ,” म्हणाले. “म्हणजे रागावला नाहीये.”

मग काय विचारतोस! अंगण धुतलं, शोजीच्या दारांचे कागद बदलले. तुझा हाप्पी मी धुऊन, इस्त्री करून ठेवला. हे म्हणाले, तो येईल तेव्हा मशीन चालू नको, त्याला त्या आवाजाचा तिटकारा आहे, आवाज ऐकून पुन्हा पळेल. शेडमधला पसारा नको, तेलकट हात नकोत. त्याच्याबरोबर गाड्यामागून चालायचंय मला, दोघे त्सुजिनो सारख्याच हाप्पीत. आरिदाच्या दोराची ऑर्डर तेवढी उरली होती. ती त्यांनी मशीन पळवून उरकली. तुझ्यासाठी, रे. तू आम्हाला कामात बघू नयेस म्हणून.

आणि तू आला नाहीस. मी खेकडे उकडून ठेवले होते. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. गाडा आपल्या कोपऱ्यावर भरधाव वळला, सगळी गल्ली ओरडली, आणि हे हाप्पी घालून स्टेशनच्या बाजूला तोंड करून उभे. सणानंतर तुझा फोन आला. “ताई, कामाच्या गडबडीत राहून गेलं.” गडबडीत. खेकडे मी पुरून टाकले, उन्हाने वास मारायला लागला होता.

पाय तू तोडला नाहीस. मला अक्कल आहे. वेग ह्यांनी वाढवला, ताडपत्री ह्यांनी टाकली, दुसरं टोक ह्यांनी पिळलं नाही, आणि ते सगळं त्यांनी मातीत डोकं टेकवून कबूल केलं. पण त्यांनी ते कुणासाठी केलं हे तारखेवरूनच तुला ठाऊक होतं. तरी तू त्या टेबलाशी बसलास, दोरा बघितलास आणि ‘सणापूर्वीची घाई’ असं लिहिलंस. तुझ्या अहवालात सगळं खरं आहे. बाहेरच्या टोकासारखं खरं.

मिसाओ


किशिवादा,
८ सप्टेंबर

कात्सु,

तुझं पत्र पोचलं. या वर्षी नक्की येणार म्हणतोस. भावोजींच्या पाया पडायचं आहे म्हणतोस. जवळजवळ चार महिने माझ्या पत्राला उत्तर नव्हतं, मला वाटलं होतं संपलं. पत्र मी दोनदा वाचलं, मग ह्यांना दिलं. त्यांनी चष्मा न लावताच वाचलं, म्हणजे अक्षरं नाही, नुसता कागद बघितला.

इकडचं सांगते. मशीन भंगारवाल्याने नेलं. शेडमध्ये आता शेजाऱ्याची गाडी उभी असते. गल्लीत ढोलाची तालीम चालू आहे, पोरं ओरडून घसे बसवून घेताहेत. या वर्षी मी खेकडे सांगितलेले नाहीत.

हे मे महिन्यापासून आरिदाला जातात. आधी आठवड्यातून एकदा, आता जास्त. गवत काढतात, फळं विरळ करतात, क्रेट पाठीवर घेऊन त्या पायऱ्या चढतात, या वयात. कुरिबायाशींनी त्यांना बोलावलं नव्हतं, अजूनही बोलावत नाहीत. फक्त हाकलत नाहीत. पहिले दिवस पाणीसुद्धा विचारलं नाही. हल्ली दुपारी त्या बाई ओटीच्या कडेला एक भाताचा गोळा ठेवतात आणि काही न बोलता आत जातात. हे तो गोळा मला घरी येऊन सांगतात, आत काय होतं ते सुद्धा. उमेबोशी होतं, म्हणतात. आंबट होतं, छान होतं.

आणि सणाच्या दिवशीही ते तिथेच असणार आहेत. मी म्हटलं, “अहो, कात्सु येतोय.” म्हणाले, “माहीत आहे. म्हणूनच.” मी विचारलं, रागावलात? म्हणाले, नाही. मग? “तो येणार म्हणून मागच्या वर्षी काम अर्धं टाकलं, मिसाओ. पुन्हा कसं टाकू?”

तुझ्यासाठी चपलांच्या कपाटावर एक तारेचा तुकडा ठेवलाय. उरलेल्या वेटोळ्यातला. मला म्हणाले, “त्याला दे. सांग, हे टोक चांगलं होतं.” माझं डोकंच फिरलं. म्हटलं, एवढं होऊन तुम्ही त्याची समजूत काढताय? त्यावर हे नेहमीसारखं हसले, आणि सकाळी पहिल्या गाडीने निघून गेले.

ती समजूत मी पोचवणार नाही. मी त्यांच्यासारखी नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तेव्हा ऐक. येशील तेव्हा किशिवादाला उतरू नकोस. खिडकीतून गाडे दिसतील, ढोल ऐकू येतील, तुझ्या अंगात येईल. बसून राहा. वाकायामाला गाडी बदल आणि मिनोशिमाला उतर. पायऱ्या पुष्कळ आहेत, हळू चढ. बागेत नवा दोर लावलाय, दुसऱ्या कुणाचा, पण कुरिबायाशी त्याच्याखाली उभे राहत नाहीत, लांबून वळसा घालून जातात. तूही घाल.

दार बहुधा बाई उघडतील. त्सुजिनो म्हणून नाव सांगितलंस तर म्हणतील, त्सुजिनो तर मागे झाडांत आहेत. तिकडे नंतर जा. आधी ओटीवर जा, तो माणूस तिथे बसलेला असेल. घाई कसली होती एवढी, असं त्याने विचारलं होतं. ह्यांनी त्याला अर्धंच उत्तर दिलंय आणि तो ते खरं मानून बसलाय.

उरलेलं तू दे. मग झाडांत जा, त्यांना भावोजी म्हणून हाक मार. मोठ्याने मार, हल्ली त्यांना कमी ऐकू येतं.

ताई